कॅन्सर संशोधनासाठी निधी संध्याकाळ करतोय, लोकांना पटवायचं कसं?

बार्शीची लेक:
आमच्या सोसायटीतल्या नऊजणी मिळून ४ फेब्रुवारीच्या, म्हणजे जागतिक कॅन्सर दिनाच्या, आसपास एक कार्यक्रम करतोय. दोन तास नाट्यसंगीत, मध्यंतरात हातमागाच्या साड्या आणि चित्रांचा लिलाव, मग जेवण. जमेल तो पैसा कॅन्सरच्या संशोधनाला. घोडं अडलंय ते इथेच.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले होते. चेकबुक समोर, पेनाचं टोपण काढलेलं. त्यांनी विचारलं, "पेशंट कोण?" मी म्हटलं, एक कोणी नाही, संशोधनासाठी आहे. त्यांनी टोपण परत लावलं. "बघू नंतर." माणूस वाईट नाही, गेल्या वर्षी एका मुलाच्या ऑपरेशनला त्यांनीच पन्नास हजार दिले होते.

मला संशोधनच का हवंय, तेही सांगते. वहिनीचं माहेर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. २००० च्या सुमाराला बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाची माणसं तिथे गावोगाव फिरत होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास होता तो, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा. वहिनीच्या आईचं गाव एचपीव्हीच्या, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या, तपासणीच्या गटात आलं. तपासणीत दोष निघाला, वेळेत उपचार झाले, आज त्या सत्तरी पार आहेत. वहिनी तेव्हा जेमतेम बावीसची, वयात बसत नव्हती. पुढे तिने कधी तपासणी केलीच नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच आजाराने गेली. आई आहे, लेक नाही.

२००९ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे सगळं मी दारात उभं राहून दोन मिनिटांत कसं सांगू? शिवाय खर्चाचा अंदाज तीन लाखांवर गेलाय, तो जमलेल्या पैशातून काढणं मनाला पटत नाही. कोणी असं केलंय का?

निवृत्त खजिनदार:
ताई, आम्ही दोनदा केलंय. सर्वांत आधी ज्या संस्थेला पैसे द्यायचे तिच्याकडून लेखी पत्र घ्या: कोणत्या कामासाठी, नाव वापरायला परवानगी आहे का. आणि धनादेश थेट संस्थेच्या नावाने घ्या. तुमचा गट नोंदणीकृत नाही, स्वतःच्या खात्यात वर्गणी गोळा केलीत तर गणेश मंडळांसारखी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागेल.

तिकीट आणि देणगी यांची सरमिसळ करू नका. गाणं आणि जेवणाचे पैसे म्हणजे देणगी नव्हे, त्यावर ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती मागायची नाही. देणगी २००० रुपयांच्या वर रोख घेतलीत तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. नव्या कररचनेतल्या माणसाला तर ती तशीही नाही, त्यामुळे करबचतीचं आमिष दाखवूच नका.

खर्च आधी प्रायोजकांकडून उभा करा. तो उभा राहिला नाही तर जेवण रद्द करून मसालेभात आणि मठ्ठा ठेवा, कोणी उठून जात नाही. आमच्या पहिल्या वर्षी मंचावरून नऊ लाख जाहीर झाले, टाळ्या पडल्या, हातात आले साडेपाच. बाकीच्यांना मी चार महिने फोन करत होतो. दुसऱ्या वर्षी प्रत्येक टेबलावर एक स्वयंसेविका बसवली, धनादेश त्याच रात्री घेतले.

चाचणीतली नोंदणीवाली:
मी कॅन्सरच्या उपचारांच्या चाचण्यांमध्ये, म्हणजे कोणता उपचार जास्त चालतो हे पाहणाऱ्या अभ्यासांमध्ये, नोंदी ठेवण्याचं काम करते, म्हणून फक्त "पेशंट कोण" यावर लिहिते.

टाटा मेमोरियलने ११ रुग्णालयांत मिळून स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १६०० बायकांवर एक चाचणी केली. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या थोडं आधी गाठीभोवती भूल देण्याचं साधं औषध टोचलं. तेच, दात काढताना देतात त्या जातीचं. पाच वर्षांनी ज्यांना टोचलं त्यांच्यात शंभरातल्या ९० हयात होत्या, ज्यांना नाही त्यांच्यात ८६. औषध इतकं जुनं आणि स्वस्त की त्यात कोणत्याही कंपनीला नफा नाही. मग असा प्रश्न विचारायला पैसा कोण देणार? तुमच्या काकांना हेच सांगा.

आणि पैसा जातो कुठे, तर बराचसा माझ्यासारख्यांच्या फोनवर. पेशंट गावी जातात, नंबर बदलतात. मी एकदा एका बाईला तिच्या गावच्या किराणा दुकानात फोन करून शोधलं होतं. ती जिवंत होती. ती सापडली नसती तर आमच्या वहीत तिच्या नावापुढचा रकाना रिकामाच राहिला असता.

परळकर:
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. बाबांच्या केमोच्या वेळी आम्ही अकरा रात्री परळच्या फुटपाथवर काढल्या. तेव्हा कोणी संशोधनाच्या नावाने जेवणावळ घातली असती तर मला ती सहन झाली नसती. निदान लिलावातला थोडा भाग राहण्या-खाण्याच्या सोयीला द्या.

बार्शीची लेक:
परळकर दादा, राग कसला. पाचजणी हो म्हणाल्या: साड्यांचा लिलाव पेशंटच्या नातेवाइकांच्या राहण्यासाठी, बाकी सगळं संशोधनाला, आणि दोन्ही आमंत्रणावर स्पष्ट लिहायचं. जेवण रद्द, खजिनदार काकांचा मसालेभात पक्का.

काल वहिनीच्या आईंना फोन केला. मंचावर बोलणार नाही म्हणाल्या, पण पहिल्या रांगेत येऊन बसतील. त्या वेळच्या नर्सबाईंचं नाव त्यांना आठवत नाही. "शाळेच्या पडवीत चादर बांधली होती, निळ्या फुलांची," एवढंच म्हणाल्या. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे आज संध्याकाळी परत जातेय.