प्रति: खून लवकर उरकतो, मग पुढे काय?

दस्तयेवस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' (1866) या कादंबरीत खून पहिल्याच भागात होतो, मग पुढचे पाच भाग कशाला, असा प्रश्न कुणीतरी विचारलाय. तिची खरी ताकद तिथेच आहे. सावकार म्हातारीचा खून करणाऱ्या रास्कोलनिकोव्हची, म्हणजे नायकाची, तयारी बघा: तिच्या घरापर्यंत मोजून ठेवलेली 730 पावलं, कुऱ्हाड अडकवायला कोटाच्या आत डाव्या काखेखाली शिवलेला जुन्या सदऱ्याच्या पट्टीचा फास, म्हातारी सोडवत बसावी म्हणून करकचून बांधलेलं खोटं तारण. आणि दार मात्र उघडंच राहतं! म्हातारीची निरुपद्रवी सावत्र बहीण लिझावेता आत येते, तिचाही जीव जातो. असामान्य माणसाला मोठ्या हेतूसाठी खूनही माफ, हा त्याचा सिद्धान्त तिला लागूच पडत नाही. लुटलेलं पाकीट तर तो उघडूनही बघत नाही, दगडाखाली दडवतो. तिसऱ्या भागातला, हाच सिद्धान्त मांडणाऱ्या त्याच्या लेखावरचा वाद सावकाश वाचा; खुनाचा तपास करणारा अधिकारी पोर्फिरी त्याला तिथेच घेरायला लागतो.