सरकारांचं पत्र: वडिलांचं की मुलाचं?

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत जादूगार पी. सी. सरकार यांच्या सहीचं टाइप केलेलं पत्र सापडलं. तारखेची जागा वाळवीने खाल्लीय. आजोबा स्वतः रुमालाचे खेळ करायचे, म्हणून जीव अडकलाय. थोरल्या सरकारांचंच आहे का, कसं ओळखू?

उत्तर: ताई, आधी लेटरहेडवरचा पत्ता बघा. सहा आकडी पिनकोड छापलाय का? पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. थोरले सरकार ६ जानेवारी १९७१ ला जपानच्या दौऱ्यातच गेले. पिनकोड असेल तर कागद ज्युनिअर सरकारांच्या, म्हणजे त्यांच्या जादूगार मुलाच्या काळातला. अशा खुणा मी ठेच लागल्यावर शिकलो. अमेरिकेतले जादूगार हूडिनी यांची म्हणून घेतलेली सही बॉलपेनची निघाली. ते १९२६ मध्येच वारले, बॉलपेन विकायला आलं चाळीसच्या दशकात! आजही वाईट वाटतं.

दुसरं उत्तर: सही भिंगाखाली धरा. बारीक ठिपके दिसले तर छापील. आणि कृपा करून लॅमिनेशन, सेलोटेप काही नको.

प्रश्नकर्ती: बघितलं! कलकत्ता, पुढे दोनच आकडे. शाई कागदात मुरलेली आहे.

उत्तर: छान! पण जुने लेटरहेड नंतरही वापरले जातात, म्हणून सही थोरल्यांच्या खात्रीच्या सहीशी ताडून बघाच.