राडारोडा भरायला ट्रॉली की टिप्पर? कमी खेपांत, धोका न पत्करता कसं भरावं?

शहापूर_गल्ली

बेळगावात शहापूरला घराच्या मागच्या दोन खोल्या पाडायलोय. मातीच्या भिंती सगळ्या मिळून ४० फूट लांब, ९ फूट उंच, दीड फूट जाड. वर मंगळुरी कौलं, सागवानी वासे-रिपा, मोरीवर सिमेंटचे पत्रे. गल्ली जेमतेम १० फूट. ट्रॅक्टरवाला म्हणतो, दोन चाकांची ट्रॉली दिवसभर दारात सोडतो, भरली की फोन करा. दुसरा दोन ब्रासचा टिप्पर आणतो म्हणतो. कुठलं परवडेल? आणि आधी काय घालायचं, मागाहून काय? जाणकारांनी नीट सांगावं.

जांभा_चिरा

आधी हिशोब बघा, मग गाडी ठरवा. ४० × ९ × दीड म्हणजे ५४० घनफूट, १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ५.४ ब्रास. पण ही उभ्या भिंतीची माती. पाडली की फुगते, मातीच्या भिंतीला तीसेक टक्के धरा. ७ ब्रासच्या आसपास सुटा माल होईल. वजन मात्र फुगत नाही, ते २७-२८ टनच राहणार. दारं-खिडक्यांची जागा त्यातून वजा करा.

माती, दगड, विटा यांत गाडी आकाराने भरायच्या आधी वजनाने भरते. लाकूड, पत्रे, जुनी कपाटं यांत उलटं होतं, डबा गच्च दिसतो आणि वजन टनभरही नसतं. म्हणून दोन्ही एकत्र घालू नका. मातीत वासे घातले की मध्ये पोकळी राहते, खेप वाढते, आणि उतरवताना तेच वासे आडवे अडकतात.

१० × ६ × २ फुटांची ट्रॉली म्हणजे १.२ ब्रास. कोरडी माती काठोकाठ भरली तर पावणेपाच टन, भिजलेली असली तर साडेपाचच्या पुढे. म्हणजे ट्रॉलीला सहा खेपा, दोन ब्रासच्या टिप्परला चार. पण टिप्पर आठ फूट रुंद, तुमची गल्ली दहा. दोन्ही बाजूंना एकेक फूट राहतो आणि वळायला जागा नाही. पायऱ्या, गटाराची फरशी, मीटरची पेटी हे सगळं आधी टेपने मोजून घ्या. गटारावरच्या फरशीवर भरल्या गाडीचं चाक गेलं तर फरशी राहणार नाही.

गाडी कुठलीही घ्या, आरसी बघायला मागा. एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही त्यावर असतं. वजाबाकी केली की किती घालायचं ते कळतं. जास्त भरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. दंडापेक्षाही उतारावर ब्रेक लागत नाही ही गोष्ट मोठी.

वडगाव_गौंडी

वरचा हिशोब बरोबर. पण ट्रॅक्टर नसताना दोन चाकांची ट्रॉली दारात सोडून भरणं, हे आधी नीट समजून घ्या. तिचा तोल मधल्या आसावर असतो. मागचा फाळका उघडून भरायला घेतलं की सगळा माल आसाच्या मागे पडतो, आणि पुढचा दांडा एकदम वर उडतो. दांड्यापाशी कोण उभा असेल तर त्याची हनुवटी गेली म्हणून समजा. दांड्याखाली लोखंडी स्टँड हवाच, आणि मागच्या टोकाखाली दोन्ही कोपऱ्यांना लाकडी ओंडके. चाकांना पुढून-मागून दगडाची उटी, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून अडसर. हे मालकाकडून लेखी नको, पण त्याच्यासमोर लावून घ्या.

भरायची रीत अशी. पहिल्या पाच-सहा बुट्ट्या बारीक कोरडी माती तळाला पसरा, म्हणजे दगड पत्र्यावर थेट आपटत नाहीत आणि उतरवताना माल सुटा घसरतो. मग आसाच्या वर आणि किंचित पुढे, दांड्याच्या बाजूला, जड माल. मोठे दगड फेकायचे नाहीत, हाताने बसवायचे. त्यांच्या फटीत वीटतुकडे, वर माती. दर अर्ध्या फुटाला खोऱ्याने सपाट करा. मागे जास्त गेलं तर ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन घसरतात, पुढे फार गेलं तर चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. शेवटी काठाच्या चार बोटं खाली थांबा. ढीग करू नका, पहिल्या खड्ड्यालाच तो रस्त्यावर येतो.

बुट्टीत १८-२० किलो माती बसते. २८ टन म्हणजे चौदाशे ते दीड हजार बुट्ट्या. ट्रॉली पाच पावलं जवळ लावली तरी माणसांचे किती हेलपाटे वाचतात बघा. हौद्याची उंची चार फूट असेल तर फळी बारा फुटांची, दोन इंच जाड, फूटभर रुंद, मध्ये टेकू आणि फुटाफुटावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. आधी फळीवरून मागच्या बाजूने भरा, पुढच्या टोकापासून मागे येत. मग फाळका लावून उरलेलं वरून.

शहापूर_गल्ली

स्टँडचं मालकाला विचारतो. सिमेंटचे पत्रे फोडून त्याच खेपेत घालू काय? आणि धूळ उडू नये म्हणून भिंतीवर पाईप सोडायचा विचार आहे.

जांभा_चिरा

पत्रे अजिबात फोडू नका दादा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. फुटला की त्याचे डोळ्याला न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात, ते परत निघत नाहीत, आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. बोल्ट कापून अख्खे उतरवा, आधी फवारा मारा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेपने बंद करा, वेगळे ठेवा. साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ सुद्धा या तंतूंना पुरत नाही, पी-१०० फिल्टरचा घट्ट बसणारा मास्क लावा. ते कुठे द्यायचे ते महानगरपालिकेच्या आरोग्य विभागात विचारून घ्या.

भिंतीला पाईप नको, फवारा पुरे. भिजवाल तेवढं पाणी तुम्ही भाडं देऊन वाहून न्याल, आणि ओली माती हौद्याला चिकटते.

निपाणी_टिप्पर

चिकटते त्याचंच सांगतो, कारण टिप्पर उलटतो तो बहुतेक भरताना नाही, रिकामा करताना. हौदा वर गेला, मागचा माल पडला आणि पुढच्या कोपऱ्यातली ओली माती तशीच राहिली, तर सगळं वजन उंचावर जातं. एक चाक जरा खाली असलं की गाडी आडवी. चालक मग गाडी पुढे-मागे झटके देऊन माती सोडवायला बघतो, ते करू द्यायचं नाही. हौदा खाली घ्या, खोऱ्याने मोकळं करा, मग परत उचला.

उतरवायची जागा सपाट आणि कडक हवी. खानापूरकडच्या जांभ्या मुरमावर ठीक, पण चिकोडी-निपाणीच्या काळ्या जमिनीत पावसानंतर मागची चाकं एका बाजूने खचतात. तिथे उचलूच नये. वर बघा, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) तारा असतील तर गाडी दुसरीकडे घ्या. हौदा वर असताना बाजूला कोणी उभं राहायचं नाही, निदान हौद्याच्या लांबीइतकं लांब. फाळक्याची खालची कडी आधी सोडायची, मग उचलायचं. फूटभरापेक्षा मोठा दगड आत घातला असेल तर तो फाळक्यात अडकतो आणि मागचा सगळा माल अडवतो, तेव्हा भरतानाच फोडून घ्या.

जून ते सप्टेंबर शक्यतो काम धरू नका. धरलंच तर रात्री ढिगावर ताडपत्री हवी.

वडगाव_गौंडी

गाडी बोलवायच्या आधी माल कमी करा, तेवढ्या खेपा वाचतात. कौलं वरून फेकू नका, साखळी करून हातोहात उतरवा, अख्खी विकली जातात. वासे-रिपा जुन्या लाकडाच्या दुकानात, खिळे काढून किंवा निदान वाकवून, नाहीतर बूट फोडून पायात जातात. नवीन जोत्यात भराव घालायचा असेल तर कचरा-मुळं नसलेली माती तिथेच ठेवा, नंतर थराथराने पाणी मारून धुम्मस करता येते. दोन ब्रास तरी तिथे जिरतात. म्हणजे ट्रॉलीच्या सहाच्या चार-पाच खेपा होतील.

आणि ट्रॅक्टरवाला कुठे ओततो ते आधी विचारा. बळ्ळारी नाल्यात किंवा त्याच्या काठाला ओतू देऊ नका. आधीच पावसात तिथलं पाणी शहापूर-वडगावच्या भातात शिरतं.

शहापूर_गल्ली

ट्रॉलीच ठरवतो, ट्रॅक्टर जोडूनच उभा ठेवायला सांगतो, दिवसाचं भाडं जास्त लागलं तरी चालेल. जोडलेला असला तर मागचे ओंडके लागतील काय?

वडगाव_गौंडी

फळीवरून मागून भरणार असाल तर लागतील. दांडा पिनेला धरला तरी मागे वजन पडलं की ट्रॅक्टरची मागची चाकं उचलायला बघतात. निम्मा माल आसाच्या पुढे गेला की मग ओंडके काढा. आणि निघायच्या आधी ते काढलेत काय, उटी काढली काय, हे चालकाने स्वतः खाली उतरून बघायचं.