भारतात बायकांना मतदानाचा हक्क आयता मिळाला का?

लेकीला शाळेत प्रोजेक्ट आहे, बायकांचा मताधिकार. घरात वाद झाला, नवरा म्हणतो इंग्लंडमध्ये बायका जेलमध्ये गेल्या, आपल्याकडे राज्यघटनेनेच देऊन टाकला, लढा वगैरे काही नाही. हे खरंय का हो?

सांजवारा:
अजिबात नाही! १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंसोबत बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं, मताधिकार मागायला. पुढे मताधिकार कुणाला द्यायचा हे बघणाऱ्या इंग्रज सरकारच्या साउथबरो कमिटीने नाही म्हटलं, तर मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन थेट लंडनला गेल्या, १९१९ मध्ये, तिथल्या पार्लमेंटच्या कमिटीपुढे साक्ष द्यायला. तरी १९१९ च्या कायद्यात निर्णय प्रांतांवर ढकलला. मग १९२१ मध्ये आधी मद्रास आणि पाठोपाठ मुंबई प्रांताने दिला. मुंबईच्या चळवळीत रमाबाई रानडे होत्या, त्यांचं नाव प्रोजेक्टमध्ये नक्की घाला, आपल्याकडे त्यांना फक्त न्यायमूर्तींची पत्नी म्हणून ओळखतात याचं फार वाईट वाटतं.

जुनी_वही:
बरोबर, पण तो हक्क नावापुरताच होता. अट मालमत्तेची, आणि तेव्हा किती बायकांच्या नावावर घर नाहीतर शेत असायचं? १९३५ च्या कायद्यात शिकलेल्या बायका आणि अटीत बसणाऱ्या पुरुषांच्या बायका आल्या, तरी पुरुष मतदार जवळपास २ कोटी ९० लाख आणि बायका साधारण ६० लाख. सरसकट सगळ्यांना मिळाला तो घटनेनेच, तेवढं तुमच्या मिस्टरांचं खरं.
आणि खरी गोष्ट तर पुढे आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना कितीतरी बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले असं चालणार नाही, स्वतःचं नाव हवं. शेवटी सुमारे २८ लाख बायका यादीतून गळाल्या, बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश इकडच्या. कडक वाटतं, पण मला सेनांचं पटतं, नावाशिवाय मत कुणाचं म्हणायचं?

प्रश्नकर्ती:
बाप रे, हे वाचून काटा आला अंगावर. माझी पणजी इंदूरची, म्हणजे तेव्हाचं मध्य भारतच की. आई सांगते तिला सगळे ‘बापूंच्या घरातून’, म्हणजे बापूंची बायको, असंच म्हणायचे, तिचं खरं नाव द्वारका हे मला दहावीनंतर कळलं. त्या वेळची मतदार यादी आता कुठे बघायला मिळते का? इंदूरचं कोणी आहे का इथे, प्लीज सांगा.