'तीस सेकंदांची पिढी' म्हणणाऱ्या काकांना उत्तर

मुक्काम_पौड_फाटा
परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांची पोस्ट आली. काका बालगंधर्वला नाटकाला गेले. शेजारच्या पोरांनी पहिल्या अंकात चारदा फोन काढून शूटिंग केलं आणि मध्यंतरात निघून गेली. सबब, 'या तीस सेकंदांच्या पिढीने गाणं, नाटक, सिनेमा, सगळ्याची खांडोळी केली. रील्स बंद झाल्याशिवाय मराठी संस्कृती वाचणार नाही.' खाली 58 अंगठे. हेच काका रोज सकाळी सहाला ग्रुपवर तीन क्लिप टाकतात: एक कीर्तनाची, एक गुडघेदुखीची, एक कुठल्यातरी सैनिकाची.

नाटकात फोन काढणारा दिसला तर डोअरकीपरला मीही बोलावीन, त्यावर वाद नाही. पण ते 'खांडोळी' डोक्यात गेलं. ज्यांच्या नावाचं ते रंगमंदिर, त्यांची नाटकं रात्रभर चालायची, एकेका पदाला वन्समोअर. तुमच्या-माझ्या घरात ते बालगंधर्व आले कशातून? तबकडीतून. 78 आरपीएम, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. 1902 साली कोलकात्यात गौहर जान रेकॉर्डिंगला बसल्या तेव्हापासून आपले गवई घड्याळाकडे बघत राग आटपत आलेत. अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगकडचा अकरा वर्षांचा पोरगा घर सोडून गुरू शोधायला पळाला. त्याच पोराने, म्हणजे भीमसेन जोशींनी, पुढे 1953 मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. काका ज्याच्या सीझन तिकिटाचा फोटो दरवर्षी ग्रुपवर टाकतात, त्याच्या मुळाशी एक क्लिपच आहे.

शनवारातला_जुना
पोस्ट माझीच आहे. सोसायटीतली गोष्ट चव्हाट्यावर आणल्याबद्दल आभार. आता ऐका. भीमसेनजी तबकडी ऐकून घर सोडून निघाले. तुम्ही रील बघून काय करता? अंगठ्याने वर ढकलता आणि पुढची बघता. तबकडी लोक विकत आणायचे, सुई बदलायचे, दहादा तीच ऐकायचे. खाँसाहेबांनी तीन मिनिटांत आख्खी ठुमरी *बसवली*, डोकं नाही, शेपूट नाही असा मधला लचका नाही तोडला. हा फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

आणि गुडघ्याच्या क्लिपचा उपयोग होतो. तुमच्या आईंनाच विचारा.

की_बोर्डवाला
काकांशी पहिल्यांदाच सहमत, दु:खद आहे. मी अरेंजिंग करतो. पूर्वी निर्माता विचारायचा, मुखडा कसा आहे? आता पहिला प्रश्न, 'रीलचा तुकडा कुठला?' गेल्या महिन्यात एका गाण्याला बासरीचा वीस सेकंदांचा इंट्रो बांधला होता. वादक येऊन छान वाजवून गेला. नंतर कळलं, तो उडवलाय, कारण 'तोपर्यंत पोरगं स्क्रोल करून जाईल.' बासरीवाल्याचे पैसे मात्र दिले, तेवढं बरं. नाच आधी ठरतो, चाल मागून येते. अंतरा तर आता रीतीपुरता, लग्नातल्या मंगलाष्टकांच्या शेवटच्या कडव्यासारखा. कोणी ऐकत नाही, अक्षता कधी टाकायच्या एवढंच बघतात.

बार्शीची_पुण्यात
तुम्हा सगळ्यांची चर्चा ऐकून मजा येते. जून 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा याच पुण्यात 'बरं झालं, गावठी कचरा गेला' म्हणणारे मी स्वतः ऐकलेत, ऑफिसच्या कँटीनमध्ये, माझ्यासमोर. माझा मामेभाऊ बार्शीजवळ शेती करतो. ट्रॅक्टरवर उभा राहून जुन्या लावण्यांवर ॲक्टिंग करायचा, 40 हजार लोक बघायचे. एका रात्रीत शून्य. पुढच्याच महिन्यात रील्स आलं, सप्टेंबरात शॉर्ट्स आलं, आणि तोच प्रकार एफसी रोडच्या कॅफेत बसून केला की त्याला 'कंटेंट' म्हणायला लागले. 2024 मध्ये 'गुलाबी साडी' देशभर वाजली, सिनेमातलं गाणं नाही, मागे कुणी हिरो नाही, खानदेशातल्या पोराने केलेलं. ते कुठल्या संपादकाने, कुठल्या नाट्यसंमेलनाने वर काढलं असतं? क्लिपनेच काढलं. तुमची संस्कृती म्हणजे टिळक रोड ते डेक्कन.

शनवारातला_जुना
ताई, मी गावठी हा शब्द वापरलेला नाही. टिळक रोडलाही हल्ली मी जात नाही, पार्किंग मिळत नाही.

ताशाची_काडी
मी ढोल-ताशा पथकात आठ वर्षं आहे, माझं ऐका. रील्सने काय केलं ते नदीपात्रात येऊन बघा. दीड-दोन महिने रोज संध्याकाळी सराव. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड येतात, ते फुटतात, त्यावर चिकटपट्टी, पट्टीखाली परत फोड. कमरेला ढोल बांधून तीन तास उभं राहिलं की रात्री कूस बदलता येत नाही. मागच्या वर्षी आमच्यातल्या कोणाचा व्हिडिओ गाजला? जी मुलगी सरावाला चार दिवस आली तिचा. नऊवारी, नथ, गॉगल, टिपरू हवेत फिरवतेय. क्लिपच्या आवाजात नीट ऐका, ढोल तिचा नाहीच, मागच्या रांगेचा आहे. यंदा नावनोंदणीला आलेल्या निम्म्या लोकांनी पहिला प्रश्न विचारला, 'फोटोग्राफर असतो ना?'

लक्ष्मी_रोड_दुसरा_मजला
फोड तुमच्या बोटांना, भोकं आमच्या कानांना. तुमची मिरवणूक माझ्या गॅलरीखाली तासन् तास एका जागी उभी असते, कारण पुढच्या चौकात कोणाचं तरी ड्रोन शूट चालू असतं. वडिलांना छातीत दुखत होतं तेव्हा रिक्षा मिळेपर्यंत त्यांना खुर्चीत बसवून गल्लीच्या टोकापर्यंत उचलून न्यावं लागलं. तेव्हा वाट द्या म्हणून ओरडलो तर एकाने माझ्याकडेच कॅमेरा वळवला.

ताशाची_काडी
ते चुकीचंच होतं, वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण पथकं रील्सच्या आधीपासून आहेत. ढोल नको तर काय डीजे हवाय?

लक्ष्मी_रोड_दुसरा_मजला
हे बरंय. चाबूक नको म्हटलं की विचारतात, मग काठी हवी का?

ताशाची_काडी
चाबूक? आठ वर्षं, एक रुपया न घेता वाजवतोय. तुम्ही गॅलरीत खुर्च्या टाकून पाहुणे बोलावता ते काय कानात बोळे घालून बसतात?

लक्ष्मी_रोड_दुसरा_मजला
पाहुणे 2016 पर्यंत बोलवायचो. तारीख लक्षात आहे, कारण त्यानंतर खाली पेढेही पोचवता येईनात.

मुक्काम_पौड_फाटा
मंडळी, धागा क्लिपांचा आहे.

की_बोर्डवाला
धागा गेला विसर्जनाला. अलका चौकात भेटू.

डेस्कवरची_उपसंपादक
मूळ मुद्द्यावर मीच येते मग. बातम्यांच्या एका वेबसाइटवर काम करते, नाव विचारू नका, हप्ते चालू आहेत. आमची सकाळची मीटिंग 'काय फिरतंय?' या प्रश्नाने सुरू होते. महापालिकेच्या बजेटवर मी दोन दिवस घालवून लिहिलेलं खाली कोपऱ्यात गेलं, वर काय, तर 'पुण्यातील तरुणीने भररस्त्यात असं काही केलं की…'. संध्याकाळी कळलं की क्लिप पुण्याची नाही, महाराष्ट्राचीही नाही आणि तीन वर्षं जुनी आहे. दुकानाची पाटी दुसऱ्या लिपीत होती हो, झूम करायची तसदी कोणी घेतली नाही. दुरुस्ती केली का? नाही. 'व्हायरल व्हिडिओमागचं सत्य' म्हणून दुसरी बातमी केली. ती जास्त चालली.

तेव्हा पौड फाटा, तुमची तबकडी गोड आहे, पण तबकडी निवडायला माणूस होता. इथे यंत्र बघतं की तुम्ही कुठे थांबलात, आणि थांबण्यासारखंच पुढे वाढतं. काकांना गुडघे वाढतं, मला मांजरं.

मुक्काम_पौड_फाटा
तबकडी निवडणारा माणूस म्हणजे कंपनीचा एजंट. त्यालाही खपाचंच पडलेलं असायचं. पण जुनी क्लिप ताजी म्हणून खपवणं आणि वर दुसरी बातमी, हे तबकडीत शक्य नव्हतं. हा एक मुद्दा दिला. एकच.

बार्शीची_पुण्यात
माझा मुद्दा कोणी घेतलाच नाही, अपेक्षेप्रमाणे.

शनवारातला_जुना
मी घेतो. मामेभावाचा ट्रॅक्टर आता कुठे दिसतो? लावणी कोणती, ते कळवा. पूर्ण असेल तरच बघेन.

बार्शीची_पुण्यात
40 सेकंदांची आहे काका. पाठवते. अंगठा वर ढकलू नका म्हणजे झालं.

शनवारातला_जुना
बघू. बाकी पौड फाटा यांचं तबकडीचं गणित मला माहीत होतं, नव्याने सांगायची गरज नव्हती. आणि नाटकात कोणी फोन काढला तर मी पुढच्या वेळीही उभा राहून बोलणार.

जे_रांग_कडेची_खुर्ची
काका, त्या प्रयोगाला मी तुमच्या मागेच होतो. पोरांच्या फोनचा उजेड दिसत होता, खरंय. पण तुम्ही जे दोन मिनिटं बोललात त्यात नायिकेचं आख्खं स्वगत गेलं. कोणी रेकॉर्ड केलं असेल तर मला हवंय.