मदत हवी आहे: फादर कोस्मे स्पेसोत्तो यांना 'हुतात्मा' म्हणू की 'रक्तसाक्षी'?

नमस्कार मंडळी,

मी वसईची. १४ जूनला आमच्या चर्चमधल्या छोट्या गटापुढे दहा मिनिटं बोलायचं आहे. विषय मीच निवडलाय: एल साल्वाडोरमध्ये मारले गेलेले फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिस यांच्या संघातले) व्रतस्थ फादर कोस्मे स्पेसोत्तो. माहिती हाताशी आहे, पण शब्दांपाशी अडले आहे.

थोडक्यात सांगते. जन्म १९२३ चा, इटलीत त्रेविसोजवळच्या मान्सुए गावात, द्राक्षं पिकवणाऱ्या शेतकरी घरात. १९५० मध्ये ते एल साल्वाडोरला गेले आणि सान हुआन नोनुआल्को या गावचे धर्मगुरू म्हणून शेवटपर्यंत तिथेच राहिले. चर्च बांधलं, लहान मुलांना शिकवलं आणि आपल्या घरची द्राक्षवेलही तिथल्या मातीत लावली. माझे वडील वाडीवाले, पानवेलीत आयुष्य गेलेलं. मी मसुदा वाचून दाखवत होते तेव्हा याच वाक्याला त्यांनी थांबवलं. म्हणाले, "वेल लावणारा माणूस निघून जायच्या तयारीनं आलेला नसतो." हे मी भाषणात घेणार आहे.

मग १९८० उजाडलं, देशात यादवी पेटली. २४ मार्चला आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चालू असताना गोळी घातली गेली. गावोगावी माणसं उचलली जात होती, रस्त्याकडेला प्रेतं सापडत होती. फादर कोस्मे ती प्रेतं पुरायचे आणि अत्याचारांविरुद्ध उघड बोलायचे. धमक्या आल्या, तरी गाव सोडलं नाही. १४ जूनच्या संध्याकाळी, मिस्सेआधी वेदीसमोर गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वय ५७. पुढे १९९२ पर्यंत चाललेल्या त्या यादवीत सुमारे ७५ हजार माणसं गेली. २२ जानेवारी २०२२ ला सान साल्वाडोरमध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, येशूसंघीय (जेझुइट) फादर रुतिलिओ ग्रांदे आणि त्यांच्या दोन सोबत्यांबरोबर.

आता माझ्या अडचणी.

एक म्हणजे 'हुतात्मा'. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ येते. यादवीच्या गोष्टीत तो वापरला, तर ऐकणारा लगेच विचारतो, "मग ते कुणाच्या बाजूचे?" वडिलांनीही अगदी हेच विचारलं. 'रक्तसाक्षी', म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देऊन साक्ष देणारा, हा शब्द मला जवळचा वाटतो, पण गटात बिगरख्रिस्ती शेजारीही येतात. त्यांना तो कळेल का?

दुसरी अडचण जास्त मोठी. मृत्यूनंतर फादर कोस्मे यांचं आध्यात्मिक मृत्युपत्र सापडलं. रक्तसाक्षी म्हणून मरण येणं ही कृपा आहे आणि आपण तिला पात्र नाही, असं त्यात ते लिहितात. मारणाऱ्यांना आधीच क्षमा करतात आणि त्यांचं मन पालटावं म्हणून प्रार्थना करतात. 'पात्र नाही' लिहिलं की सरकारी अर्जाची आठवण होते, 'लायकी नाही' म्हटलं की शिवीसारखं वाटतं. कुणी बरा शब्द सुचवेल का?

प्रतिसाद

ताई, मत्तयच्या शुभवर्तमानातला शताधिपती (रोमन शिपायांचा नायक) येशूला काय म्हणतो ते आठवा: 'आपण माझ्या छपराखाली यावे अशी माझी योग्यता नाही.' 'योग्यता' घ्या. आपल्या लोकांच्या कानावरून गेलेला शब्द आहे, पुन्हा तो एका शिपायाच्या तोंडचा आहे.

आणि 'रक्तसाक्षी'च ठेवा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'साक्षीदार'च. शेजाऱ्यांना अडलं, तर वसईच्याच संत गोन्सालो गार्सिया यांचं उदाहरण द्या. तेही फ्रान्सिस्कन, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर गेले. ते कुणाच्या बाजूचे होते असं वसईत कुणी विचारत नाही.

धागाकर्ती

'योग्यता' अगदी बसला! मनापासून आभार. रात्री वडिलांना वाक्य नव्यानं वाचून दाखवलं: 'ही कृपा मिळावी अशी माझी योग्यता नाही.' या वेळी त्यांनी बाजू विचारली नाही. विचारलं ते एवढंच, "त्या प्रेतांना पुरताना त्यांच्या सोबतीला कोण असायचं?"

'योग्यते'चं ते वाक्य आता मी प्रेतं पुरण्याच्या प्रसंगाला जोडून घेते आहे.