मुलांना संविधान कसं घडलं हे तुम्ही कसं सांगितलंत? (अनुभव धागा)

लेक यंदा सातवीला आहे. नागरिकशास्त्रातल्या तारखा तिला तोंडपाठ: संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६, स्वीकृती २६ नोव्हेंबर १९४९. परवा जेवताना म्हणाली, "पण एवढे सगळे जण तीन वर्षं करत काय होते?" शिक्षक, पालक, आजी-आजोबा, ज्यांनी कुणी हे सांगायचा खटाटोप केलाय त्यांनी लिहा. काय जमलं, मुलांनी काय विचारून भंडावलं. उपदेश नकोत, प्रसंग हवेत.

गावातल्या शाळेत शिकवतो, सहावी-सातवी

'वर्गाची घटना' हा उपक्रम हल्ली बऱ्याच शाळांत होतो. आमच्या फळ्यावर दरवर्षी तेच उमटतं: गोंगाट करू नये, गृहपाठ न आणल्यास उठाबशा. मुलं स्वतःलाच शिक्षा सुचवण्यात पटाईत. ही शिस्तीची पाटी झाली, घटना नव्हे. यंदा मध्येच विचारलं, "आणि माझ्यासाठी कोणता नियम?" आधी सगळे चिडीचूप. मग मागच्या बाकावरून आलं, "एकाने खोडी काढली म्हणून सरांनी अख्ख्या वर्गाला उभं करायचं नाही." टाळ्या! दुसरा म्हणाला, "शिक्षेआधी त्याचं म्हणणं ऐकायचं." आणि एका मुलीने खरा प्रश्न टाकला: "सरांनीच नियम मोडला तर जायचं कुणाकडे?"

तिथून कलम ३२ हाकेच्या अंतरावर होतं. मूलभूत हक्क मोडला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, आणि बाबासाहेबांनी याच तरतुदीला संविधानाचा आत्मा म्हटलं होतं, हे मग वेगळं समजवावं लागलं नाही. सत्तेवर बसलेल्यालाच वेसण हवी, हे त्यांचं त्यांनीच शोधलं होतं. कागद दारामागे चिकटवलाय. माझ्याकडे बोट दाखवून वापरलाही जातो.

दोन मुलांची आई

आमच्याकडे उलटं. मुलांना बाबासाहेब बोलता यायच्या आधीपासून माहीत. शाळेत मात्र "संविधान सगळ्यांनी मिळून लिहिलं" एवढं सांगून बाई पुढे सरकल्या आणि थोरला तणतणत घरी आला. मी मसुदा समितीच्या सात खुर्च्या मांडल्या, खरोखरच्या, दोन शेजारून आणून. ५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णमाचारींनी भर सभेत या समितीचा हिशेब दिला होता. एकाने राजीनामा दिला, त्यांच्या जागी दुसरे आले. एक वारले. एक अमेरिकेत. एक संस्थानाच्या कारभारात गुंतलेले. एक-दोघे दिल्लीपासून लांब, प्रकृतीमुळे येऊ न शकणारे. मी वाचत होते, धाकटी एकेक खुर्ची ओढत स्वयंपाकघरात नेत होती. उरलेल्या खुर्चीवर थोरला जाऊन बसला. मसुद्याचा भार एकट्या आंबेडकरांवर पडला, हे कृष्णमाचारींचंच म्हणणं.

धागाकर्तीच्या लेकीला सांगा, बाकीचे रिकामे नव्हते. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. पण 'सगळ्यांनी मिळून' म्हणताना एकाचे कष्ट पुसले जात असतील, तर मला ते चालणार नाही.

निवृत्त, दोन नातवंडं

नातवाचा प्रश्न: नोव्हेंबरात तयार झालं तर जानेवारीपर्यंत थांबले कशाला? काही कलमं लगेच लागू झाली होती, पण बाकीच्यांसाठी २६ जानेवारी राखली, कारण १९३० साली त्याच दिवशी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली होती. झेंडावंदनाला जाता जाता सांगून झाले.

सुट्टीत मुलांची शिबिरं घेते

तारखा सांगूच नका, भांडण सांगा! मी १७ ऑक्टोबर १९४९ चा दिवस घेते. उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली. मुलांना एवढंच सांगून वाद घालायला बसवते. घरात रोज पूजा होणारी मुलगी विरोधात बोलते आणि तिचाच सख्खा भाऊ बाजूने, असं हमखास होतं. एकदा एकीने विचारलं, "देव का, देवी का नाही?" मी उडालेच, कारण आसामच्या रोहिणीकुमार चौधुरींनी सभेत हेच विचारलं होतं. पूर्णिमा बॅनर्जी यांनी मात्र, देवावर मतदान करायची पाळी आमच्यावर आणू नका, अशी कामतांना विनंती केली. तरी मतदान झालंच. निकाल मी मुलांचे हात मोजून झाल्यावरच सांगते: बाजूने ४१, विरोधात ६८. मुलांचा निकाल दर वेळी वेगळा लागतो. कुणी रडवेलं झालं तर तेही चालतं.

मामा

भाच्याला वरचं सगळं पाठ आहे, त्यामुळे माझं काम सोपं. त्याने विचारलं, "लिहून झालं म्हणजे संपलं का?" मतदानाचं वय आधी २१ होतं, ते ६१ व्या घटनादुरुस्तीने १८ झालं, हे सांगितलं. आता तो ते १२ वर आणायच्या मागे आहे. आजी आणि आई फितवल्या आहेत, त्यामुळे दोन तृतीयांश बहुमत झालं, असा त्याचा दावा. सध्या बाबांची मनधरणी चालू आहे.